ती पिवळी मुळी मेटफॉर्मिनची जोडीदार नाही

"अमेरिकेच्या जंगलातलं सोनं, मधुमेहाचा कर्दनकाळ" अशा मथळ्याचा एक मजकूर बऱ्याच दिवसांपासून मराठी घरांच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्याकडे तो आला तेव्हा मी न वाचताच पुसला होता. मग सांगलीहून आत्याचा फोन आला, "अगं, तू त्या ओहायोतच राहतेस ना? तिथलीच आहे म्हणे ती मुळी. येताना चार बाटल्या आण." आत्या मधुमेहासाठी कित्येक वर्षं मेटफॉर्मिनची गोळी घेते. शिवाय रक्तदाबाची एक आणि कोलेस्टेरॉलची एक गोळी. म्हणून मग तो मजकूर मागवून घेतला आणि ओळ न ओळ वाचला. वाचून डोकं फिरलं, म्हणून हे लिहिते आहे.

मजकूर थोडक्यात असा: गोल्डनसील नावाची पिवळी मुळी. रेड इंडियन लोक हजारो वर्षं ती मधुमेहावर वापरतात. मेटफॉर्मिनच्या जोडीला घेतली तर दुप्पट फायदा आणि तीन महिन्यांत गोळी बंद. शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. गरोदर बाई, बाळंतीण, तान्हं बाळ, कुणालाही चालते. बाळाच्या काविळीवर तर गुटीत उगाळून द्यावी, रामबाण आहे. सर्दी-खोकल्यावर नैसर्गिक अँटिबायोटिक. रक्त इतकं शुद्ध होतं की तिकडच्या ड्रग टेस्टमध्येही काही सापडत नाही. जंगलात अमाप उगवते, पण औषध कंपन्या हे जगापासून दडवून ठेवतात. खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि एक फोटो.

फोटोपासूनच सुरुवात करू, कारण तोच चुकलाय. त्यात चकचकीत पिवळ्या, पाच पाकळ्यांच्या फुलांचा ताटवा आहे. ती बटरकपची फुलं. गोल्डनसील त्याच कुळातलं, पण त्याच्या फुलाला पाकळ्याच नसतात. पानगळीच्या जंगलात, मेपल-बीचच्या सावलीत, वसंतात वीतभर-दीड वीत उंचीचा एक केसाळ देठ वर येतो. त्यावर हाताच्या पंज्यासारखी दोन सुरकुतलेली पानं, आणि वरच्या पानाशी एकच पांढुरकं फूल. म्हणजे काय, तर पुंकेसरांचा एक झुबका. तीन निदलं असतात, तीही फूल उमलता उमलता गळून जातात. मग उन्हाळ्यात रासबेरीसारखं दिसणारं लाल फळ धरतं. ते खायचं नसतं. पिवळं जे काही आहे ते सगळं जमिनीखाली, त्या गाठाळ मुळात. ज्याला झाडाचा फोटोसुद्धा धड शोधता आला नाही, तो माझ्या आत्याला औषधाची मात्रा सांगतोय.

आता मेटफॉर्मिनकडे येते. बाकीचं सगळं एक वेळ हसून सोडून देता येईल, हे नाही.

आत्याचा हिशेब सरळ होता. गोळीनं साखर उतरते, मुळीनंही उतरते, मग दोन्ही घेतल्या की दुप्पट उतरेल. मजकूर लिहिणाऱ्यानंही हाच हिशेब मांडलाय. पोटात गेल्यावर मात्र औषधांची अशी बेरीज होत नाही. मेटफॉर्मिन आतड्यातून रक्तात शिरतं ते आपोआप झिरपून नव्हे. आतड्याच्या पेशींवर त्याला आत ओढून घेणारी वाहक प्रथिनं असतात. गोल्डनसीलमधली द्रव्यं याच वाहकांची वाट अडवत असावीत. निरोगी स्वयंसेवकांना आधी नुसतं मेटफॉर्मिन आणि नंतर गोल्डनसीलसोबत मेटफॉर्मिन देऊन रक्तातलं प्रमाण मोजलं, तेव्हा ते गोल्डनसीलमुळे सुमारे 25 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. हे मी कुठल्या औषध कंपनीच्या पत्रकातून उचललेलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं एक स्वतंत्र केंद्र आहे, ज्याचं कामच मुळी जडीबुटी, योग, अ‍ॅक्युपंक्चर अशा पूरक उपचारांचा अभ्यास करणं हे आहे. त्या केंद्राच्या गोल्डनसीलवरच्या माहितीत हा आकडा आहे, आणि सोबत इशाराही: मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेह्याची साखर आटोक्यात राहायला अडथळा येईल, इतकी ही घट असू शकते.

म्हणजे व्यवहारात काय होईल? आत्या पाचशे मिलिग्रॅमची गोळी गिळणार आणि तिच्या रक्तात जणू पावणेचारशेचीच पोचणार. गोळी वेळेवर घेतली, पथ्य पाळलं, भात सोडला, तरी साखर चढलेली. डॉक्टर विचारणार, "काही बदल केलात का?" आत्या म्हणणार, "नाही हो, काहीच नाही," कारण जडीबुटी म्हणजे औषध नव्हे, ती डॉक्टरला सांगायची नसते, असा आपल्याकडे पक्का समज आहे. डॉक्टर बिचारे मात्रा वाढवणार. मग कधीतरी बाटली संपली की वाढवलेली मात्रा तशीच चालू आणि अडथळा गेलेला. "तीन महिन्यांत गोळी बंद" लिहिणारा तोवर दुसऱ्या कुठल्या मुळीवर मजकूर लिहीत असेल.

हे झालं एका गोळीचं. उरलेल्या दोन गोळ्यांची गोष्ट नेमकी उलटी आहे. आपलं यकृत बहुतेक औषधांचा निचरा ठरावीक एन्झाइमांच्या मार्फत करतं. त्यातली सीवायपी 3ए4 आणि सीवायपी 2डी6 ही दोन फार मोठ्या कामाची. गोल्डनसील या दोन्हींना दाबतं, आणि जडीबुटींमध्ये असं जोरात दाबणाऱ्यांत त्याचा नंबर वरचा लागतो. माणसांवर चाचण्या घेऊन हे तपासलेलं आहे. आता आपल्या घरातला गोळ्यांचा डबा उघडा. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन आणि कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोर्वास्टॅटिन पहिल्या वाटेनं जातात, मेटोप्रोलॉल दुसऱ्या वाटेनं. निचऱ्याची वाट तुंबली की औषध रक्तात साचत जाण्याचा धोका. म्हणजे एकाच मुळीमुळे एक गोळी कमी पडायची आणि बाकीच्या जास्त व्हायच्या. याला "दुप्पट फायदा" म्हणतात.

इथे एक अर्धसत्य आहे, आणि ते कबूल करणं माझ्या जिवावर आलंय. या मुळात बर्बेरीन नावाचं पिवळं द्रव्य असतं आणि बर्बेरीननं साखर उतरते, हे खोटं नाही. 2008 साली चीनमधल्या एका चाचणीत, नुकताच मधुमेह निघालेल्या 36 जणांपैकी काहींना बर्बेरीन आणि काहींना मेटफॉर्मिन दिलं, दोन्ही 500 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, तीन महिने. परिणाम जवळपास सारखा आला. माणसं थोडी, काळ थोडा, पण निकाल आहे तो आहे. समाजमाध्यमांवर बर्बेरीनला "निसर्गाचं ओझेम्पिक" (ओझेम्पिक म्हणजे साखर आणि वजन उतरवणारं इंजेक्शन) म्हणायची टूम निघाली, तिला अशाच चाचण्यांचं निमित्त असावं.

पण ती चाचणी शुद्ध बर्बेरीनची होती, गोल्डनसीलच्या भुकटीची नव्हती. मुळात बर्बेरीन अर्ध्या टक्क्यापासून सहा टक्क्यांपर्यंत कितीही असू शकतं. चांगलं पाच टक्के धरू. दिवसाला दीड ग्रॅम बर्बेरीन पोटात जायचं तर 30 ग्रॅम भुकटी लागेल. 500 मिलिग्रॅमची कॅप्सूल असेल तर रोज 60 कॅप्सूल! आत्याच्या चार बाटल्या आठवडाभरसुद्धा पुरायच्या नाहीत. आणि त्या साठ कॅप्सुलांबरोबर हायड्रास्टीन हे या मुळातलं दुसरं तीव्र द्रव्यही तितक्याच इमानानं पोटात जाणार. बाटलीवर लिहिलेल्या दोन-तीन कॅप्सुलांनी साखर उतरण्याइतकं बर्बेरीन मिळत नाही. मेटफॉर्मिनचं काम बिघडायला मात्र कॅप्सुलांच्या पातळीवरची मात्रा पुरते. स्वयंसेवकांना काही रोज साठ कॅप्सूल चारल्या नव्हत्या.

दुसरा मुद्दा तान्ह्या बाळाचा. इथे माझा संयम संपतो.

पिवळ्या रोगावर पिवळी मुळी, एवढाच तर्क या ओळीमागे असावा. प्रत्यक्षात बर्बेरीन नवजात बाळाची कावीळ वाढवू शकतं. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं यकृत कच्चं असतं, त्यामुळे बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य रक्तात साचतं आणि बाळ पिवळं दिसतं. हे बिलिरुबिन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून हिंडतं, आणि चिकटलेलं असतं तोवर मेंदूत शिरत नाही. बर्बेरीन त्याला तिथून ढकलून देतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे दिसलेलं आहे. सुटं झालेलं बिलिरुबिन मेंदूत उतरलं की कर्निक्टेरस नावाची अवस्था येते. त्यात जीव जाऊ शकतो, आणि वाचलं तर बहिरेपण, हातापायांच्या हालचालींवरचा ताबा जाणं, असं आयुष्यभराचं नुकसान. मघाशी सांगितलेल्या त्याच केंद्राचं म्हणणं स्पष्ट आहे: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी गोल्डनसील घेऊ नये, आणि बाळांना तर मुळीच देऊ नये.

हे काही प्रयोगशाळेतलंच भय नाही. सिंगापूरमध्ये चिनी कुटुंबांत बर्बेरीन असलेल्या मुळ्या बाळांना द्यायची रीत होती. नवजातांच्या काविळीशी तिचा संबंध जोडला गेला आणि 1978 साली सरकारनं अशा वनस्पतींवर बंदी घातली. ती बंदी सैल व्हायला तीस वर्षांहून अधिक काळ गेला. आणि आपण काय करतोय, तर ग्रुपवर "गुटीत उगाळून द्या" लिहून खाली फुलं टाकतोय.

यावर आमच्याच ग्रुपात एका काकांनी लिहिलं, "अगं, गुटीत अतिविष असतंच की. तेही याच कुळातलं. कुणाला काही झालं का?" काका, अतिविष याच कुळातलं आहे हे खरं. तुमच्या लोणच्यातली कलौंजीही याच कुळातली. आणि बचनागही याच कुळातला, ज्याच्या कच्च्या मुळाचा छोटासा तुकडा माणूस मारायला पुरतो. कुळावरून काहीच ठरत नाही, आणि "शंभर टक्के नैसर्गिक" या शिक्क्यावरून तर त्याहून नाही. बचनागही शंभर टक्के नैसर्गिकच आहे.

काकांचा पुढचा बाण दारुहळदीचा होता. तिच्यातही बर्बेरीन आहे, आणि वैद्य ती पिढ्यान् पिढ्या वापरतात, रसांजन तिचंच होतं. मान्य. पण वैद्य ती नाडी बघून, कुणाला, किती, किती दिवस हे ठरवून देतो. तोही मेटफॉर्मिन चालू आहे का ते विचारेल, निदान विचारायला हवं. "कुणालाही, कितीही, कायम" असं दारुहळदीबद्दलही कुठला शहाणा वैद्य म्हणत नाही.

आता ड्रग टेस्टची गंमत. गंमतच म्हणते, कारण या एका दाव्याचा उगम सापडतो आणि तो एका कादंबरीत आहे.

ओहायोतल्याच सिनसिनाटी शहरात जॉन युरी लॉइड नावाचे नामांकित औषधशास्त्रज्ञ होते. भावांबरोबर वनस्पतींपासून औषधं बनवायचा कारखाना चालवायचे, गोल्डनसीलचे मोठे जाणकार. फावल्या वेळात ते कादंबऱ्याही लिहायचे. 1900 साली त्यांची 'स्ट्रिंगटाउन ऑन द पाइक' ही कादंबरी आली. तिच्यात एका मृत्यूवरून खटला उभा राहतो. तज्ज्ञ रासायनिक चाचणी करून सांगतो की प्रेतात स्ट्रिक्नीन, म्हणजे कुचल्यातलं विष, सापडलं. मागाहून उलगडतं की मेलेल्या माणसाला गोल्डनसीलचा कडू अर्क घ्यायची सवय होती, आणि त्या अर्कामुळे चाचणीत स्ट्रिक्नीनसारखाच रंग उमटला होता. विषाचा पत्ताच नव्हता.

गोष्ट इतकीच. पुढे कानगोष्टींत तिचं पार उलटं झालं. कादंबरीत मुळीमुळे नसलेलं विष दिसलं. लोकांच्या डोक्यात राहिलं ते "मुळीनं चाचणी फसते" एवढंच. मग शर्यतीच्या घोड्यांना दिलेलं मॉर्फिन लपवायला ही मुळी चालते अशी वदंता उठली, तिथून ती माणसांच्या लघवीच्या चाचणीवर आली, आणि 'डिटॉक्स'च्या नावाखाली बाटल्या खपू लागल्या. मुळी पोटात घेऊन ड्रग टेस्ट चुकवता येते, याला पुरावा नाही. आणि नमुन्यातच काही कालवलं तर प्रयोगशाळेत त्याचा रंग, तापमान, घनता, क्रिएटिनिन हे सगळं आधी तपासतात. गोल्डनसीलनं लघवी तपकिरी होते, ती तर डोळ्यांनीही कळते. रक्त शुद्ध होण्याचा यात कुठेच संबंध नाही. शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका कादंबरीचं कथानक, तेही उलटं ऐकलेलं, माझ्या आत्याकडे आरोग्यसल्ला म्हणून पोचलंय.

बाकीचे मुद्दे पटापट उरकते.

अँटिबायोटिक. काचेच्या ताटलीत बर्बेरीननं जंतू मरतात, खरं आहे. पण तोंडावाटे घेतलेलं बर्बेरीन रक्तात अगदी थोडं शोषलं जातं, तेव्हा ते नाकाघशापर्यंत पोचून सर्दी बरी करेल ही आशा सोडा. शिवाय सर्दी बहुधा विषाणूंची असते, तिला अँटिबायोटिक खरं असलं तरी लागू नाही. एकिनेशिया या दुसऱ्या एका जडीबुटीबरोबर गोल्डनसील मिसळून सर्दीची औषधं इथल्या दुकानांत वर्षानुवर्षं विकली जातात. खप हा काही पुरावा नव्हे.

हजारो वर्षांची परंपरा. चेरोकी आणि इरोक्वॉय हे अमेरिकेतले मूळ रहिवासी ही मुळी वापरायचे, याबद्दल वाद नाही. डोळे धुवायला, जखमांवर, पोटाच्या तक्रारींवर, आणि कापडाला पिवळा रंग द्यायला. बेंजामिन स्मिथ बार्टन या फिलाडेल्फियाच्या वैद्यकाच्या प्राध्यापकानं 1798 साली लिहून ठेवलंय की चेरोकी ती कर्करोगावरही वापरतात. वापरतात असं लिहिणं आणि बरं होतं असं सिद्ध होणं यात अंतर आहे. मधुमेहावरचा उपाय मात्र या मजकुरानं स्वतःच चेरोकींच्या नावावर चढवलाय, असंच दिसतं. दुसऱ्या समाजाचं नाव पुढे करून आपला माल खपवायची ही रीत मला फार घाणेरडी वाटते.

कंपन्या दडवतात. कुठे दडवतात? किराणा घ्यायला जाते त्या दुकानात व्हिटॅमिनच्या फडताळावर बाटल्यांची रांग आहे. गोल्डनसील एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशातही होतं. आणि वर ज्याचा आधार घेतला ते केंद्र सरकारी पैशानं याच मुळ्यांचा अभ्यास करतं आणि निष्कर्ष फुकट वाचायला ठेवतं. लपवाछपवी असलीच तर ती बाटलीच्या आत आहे: गोल्डनसील महाग, म्हणून त्यात ओरेगॉन ग्रेप किंवा कॉप्टिससारख्या दुसऱ्या पिवळ्या मुळांची भेसळ होते. भुकटी झाल्यावर डोळ्यांना फरक कळत नाही.

"जंगलात अमाप" हे वाक्य राहिलं. ते वाचून मला सर्वांत जास्त चीड आली असं म्हटलं तर लोक हसतील, कारण त्यानं कुणाच्या आत्याचं काही बिघडत नाही. पण मी या जंगलांत फिरते. ओहायो नदीच्या खोऱ्यात, म्हणजे ओहायो, इंडियाना, केंटकी, वेस्ट व्हर्जिनियात ही या झाडाची मूळ वस्ती. जंगलं तुटली तशी ती आक्रसली, आणि जी उरली तिच्यावर खणणारे आले. मूळ काढायचं म्हणजे झाडच उपटायचं. बियांपासून वाढवलं तर मूळ काढण्याजोगं व्हायला पाच-सात वर्षं जातात. सातपुड्यात सफेद मुसळीचं जे झालं तेच इथे. 1997 साली गोल्डनसीलचं नाव साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या दुसऱ्या परिशिष्टात गेलं. म्हणजे या झाडाचं मूळ देशाबाहेर विकायचं तर परवाना आणि देखरेख आली. अमाप असलेल्या गोष्टीला हे लागत नाही.

आणि हे काही जडीबुटीच्या वैऱ्यांनी घडवून आणलं असंही नाही. दक्षिण ओहायोत रटलंड गावाजवळ 'युनायटेड प्लांट सेव्हर्स' या संस्थेचं वनस्पतींसाठी राखलेलं जंगल आहे. ही संस्था 1994 साली स्थापन झाली ती जडीबुटीनं उपचार करणाऱ्या लोकांच्याच पुढाकारानं. ज्यांचा या मुळीवर विश्वास आहे, ज्यांचं पोट तिच्यावर आहे, तेच सांगतायत की रानातली उपटू नका, सावलीत लागवड केलेली घ्या, आणि उगाच घेऊ नका. आमच्या ग्रुपवर हे टाकलं तर काकांनी विचारलं, "मग लागवडीची कुठे मिळेल?"